डेव्हिस चषकाचा १९७४ चा अध्याय नीट सांगा

मा. संपादक,

अखिल भारतीय लॉन टेनिस संघटना १९२० साली स्थापन झाली आणि वर्षभरातच, १९२१ मध्ये, भारताने डेव्हिस चषक या देशोदेशींच्या संघांच्या टेनिस स्पर्धेत पदार्पण करून पॅरिसमध्ये फ्रान्सला ४-१ असे हरवले. हा आरंभ फारसा कुणी सांगत नाही. १९७४ बद्दल मात्र सर्रास ‘भारत अंतिम फेरीत हरला’ असे छापले जाते. ते चूक आहे. भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला उपांत्य लढतीत नमवले. पुढे वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी अंतिम लढत खेळायला नकार दिला, म्हणून प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळाली. चेंडूच मारला गेला नाही, तिथे पराभव कसला?

दुसरी गल्लत निकालांची. तेव्हाची लढत तीन दिवसांची होती : दोन एकेरी, मग दुहेरी, शेवटी प्रतिस्पर्धी अदलाबदल करून दोन एकेरी. सामने पाच सेटचे, तेही टायब्रेकविना (६-६ बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणारा गेम नसे), त्यामुळे १७-१५ सारखे सेट दिसतात. ते छपाईचे दोष समजून ‘दुरुस्त’ करू नयेत. संघटनेने १९२१ पासूनचे गुणफलक खुले करावेत आणि पुण्यातील त्या लढतीच्या जागी साधी पाटी लावावी, ही आग्रहाची मागणी.

– एक टेनिसप्रेमी वाचक, पुणे