नागपुरातल्या अजनीच्या काकांस, आमच्या मुलींना हॉकी शिकवल्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, नाहीतर सायकल काढता. म्हणून आज लेखी आणि चारचौघांत मानते आहे.

2021 साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताच्या मुलींचा हॉकी संघ कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनकडून 4-3 असा हरला, पण त्या सामन्याने आमच्या शाळेतल्या मुलींना वेड लावलं. शाळा उघडल्याबरोबर सगळ्या माझ्यामागे, "मॅडम, आपण पण हॉकी खेळू." मी मूळची कबड्डीची. स्टिक कशाबशा जमवल्या, मैदान मुरमाचं का होईना, होतं. शिकवणारं मात्र कोणी नव्हतं. तुम्ही रेल्वेतून निवृत्त झालेले, ऐन उमेदीत हॉकी खेळलेले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कुंपणाशी सायकल लावून बघत उभे असायचात. एका संध्याकाळी आत आलात आणि म्हणालात, "मॅडम, पोरी बॉल मारून राहिल्या, देऊन नाही राहिल्या."

मग सुरू झाला पुश, म्हणजे बॉल न मारता ढकलून देणं. डावा हात स्टिकच्या टोकाशी, उजवा बराच खाली, गुडघे वाकलेले, बॉल स्टिकला टेकलेला. उजव्याने पुढे ढकलायचं, त्याच वेळी डाव्याने किंचित मागे ओढायचं आणि अंगाचं वजन उजव्या पायावरून डाव्यावर आणायचं. स्टिक मागे नेऊन झटका द्यायचा नाही. तुमची परीक्षा घ्यायची पद्धत मी आजही वापरते. मुली जोडीजोडीने पास द्यायच्या आणि तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून उभे. 'टक' असा आवाज आला की मागे न बघताच म्हणायचात, "हा पुश नाही झाला, पुन्हा." खरा पुश निघाला की फक्त मुरमावरून बॉल सरपटल्याचं ऐकू यायचं. काही दिवसांनी मुलींनाही तो फरक कानाने कळू लागला.

आमच्या त्या डावखुऱ्या मुलीसाठी तुम्ही जे केलंत, ते मी कधीच विसरणार नाही. हॉकीत डावखुऱ्यांची वेगळी स्टिक नसते, सपाट बाजू सगळ्यांची डावीकडेच आणि उलट्या बाजूने बॉल खेळणं नियमात बसत नाही. ती रडकुंडीला आली होती, नाव काढून घ्यायला निघाली होती. तुम्ही तिच्या उजव्या हाताची मूठ सैल करायला लावलीत आणि म्हणालात, "बाई, स्टिक फिरवते डावा हात. उजवा नुसता आधाराला. तुझा तर मालकच तगडा आहे." वरच्या हाताने स्टिक फिरवायची आणि खालच्या मुठीत ती सैल फिरू द्यायची, हे इतरांना शिकायला किती वेळ लागला! तिला ते पहिल्यापासून हातात होतं. आज आमच्या संघात सगळ्यात मऊ ड्रिबल, म्हणजे बॉल स्टिकजवळ ठेवून पळवणं, तिचा आहे.

हिटसाठी, म्हणजे स्टिक मागे नेऊन मारायच्या फटक्यासाठी, मुली हटून बसल्या होत्या, पण पुश जमेपर्यंत तुम्ही दाद दिली नाहीत. आता कारण कळतं. 156 ते 163 ग्रॅमचा तो कडक बॉल आमच्या खडबडीत मैदानावर उसळला की समोरचीच्या नडगीची खैर नाही. शिवाय गोलवरचा फटका सोडला, तर हिटने बॉल मुद्दाम उचलणं हा फाऊल. तुम्ही चुन्याने जमिनीवर दोन खुणा केल्यात, एक डाव्या पायाची, एक बॉलची. दोन्ही हात वर एकत्र, डावा खांदा पास द्यायचा त्या दिशेला, डोकं खाली आणि बॉल पुढच्या पायाच्या रेषेत. बॉल फार पुढे गेला तर स्टिक वर येताना लागते आणि तो उडतो. हे नुसतं सांगून सोडलं नाहीत, प्रत्येकीचा पाय हाताने धरून त्या खुणेवर ठेवलात. तोही मे महिन्यात, ऊन तापायच्या आत, सकाळी साडेपाचला.

आणखी एका गोष्टीसाठी मनापासून आभार. पास हुकला की घेणारीला तुम्ही कधी बोलला नाहीत. देणारीलाच विचारायचात, "तिची स्टिक कुठे होती?" त्या एका प्रश्नाने मुली मान वर करून बघायला शिकल्या. आता पळणाऱ्या मुलीच्या पायात नाही, तिच्या उजव्या हाताला, दोन पावलं पुढे पास पडतो. आपल्या गोलसमोरून आडवा पास कोणी देत नाही. एकमेकींवर ओरडणंही थांबलं, आणि मला विचाराल तर संघ खऱ्या अर्थाने तिथे तयार झाला.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत केलंत, त्यातून बॉल घ्या म्हणालात. घेतले आहेत.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा धुळीत यायची घाई करू नका. सहावीच्या नव्या मुली आल्या आहेत, त्यांचा पुश आपली डावखुरी घेते आहे. मोठ्या मुलींना ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकने ओढत नेऊन गोलकडे फेकायचा फटका, शिकायचाय, पण तो तुमच्याकडूनच, असं त्यांनी मला बजावलंय. डॉक्टर हो म्हणाले की कळवा, न्यायला अजनीला मी स्वतः येते.

आपली,
मुलींची क्रीडाशिक्षिका
नागपूर