जुने कायदेविषयक लेख तपासायला वेळ कोण देणार?

महोदय,

वारसाहक्क आणि स्थावर मिळकतीच्या कायद्यावर मराठीत सदर लिहिणाऱ्या दिवाणी वकिलांपैकी मी एक आहे. या लेखनात जाणारा वेळ सार्थकी लागतो का, असे बार रूममधले सहकारी अधूनमधून विचारतात आणि अलीकडे मलाही तो प्रश्न टाळता येईनासा झाला आहे. त्याच्या उत्तराचा निम्मा भाग संपादकांच्या हातात असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

सहकाऱ्यांचा रोख बहुधा पैशावर असतो. मानधन नाममात्र मिळते हे खरे, आणि लेखामुळे पक्षकार वाढतील अशी आशाही वकिलाला धरता येत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या आचारनियमांतील नियम 36 प्रमाणे प्रत्यक्ष किंवा आडवळणाने जाहिरात करण्यास त्याला मनाई आहे, इतकेच काय, आपण चालवत असलेल्या प्रकरणांविषयी वर्तमानपत्राला मजकूर पुरवण्यासही मनाई आहे. हा नियम कालबाह्य झाल्याची तक्रार पुष्कळजण करतात. मला तो लेखकाच्या दृष्टीने सोयीचाच वाटतो, कारण नफ्या-तोट्याचा हिशेब त्यामुळे आरंभीच मिटतो.

माझा प्रश्न वेळ कुठे जातो, हा आहे. महत्त्वाचा निकाल लागला की त्याचा सारांश मराठीत देणे, हे आमच्या सदरांचे आजवरचे मुख्य काम. निकाल महागड्या इंग्रजी संग्रहांत आणि वकिलांच्या कपाटांत बंद होते तोवर त्याची गरज होती. जानेवारी 2023 मध्ये ‘ई-एससीआर’ ही सेवा सुरू झाल्यापासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत संग्रहातील निकाल कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि त्यांतील अनेकांचे मराठी अनुवादही उपलब्ध झाले आहेत. अनुवादांची भाषा कधीकधी मूळ इंग्रजीपेक्षाही अवघड असते, ही गोष्ट वेगळी. तरीही ताज्या निकालाची वर्दी देण्यासाठी दोन-तीन संध्याकाळी खर्च करण्याचे कारण आता फारसे उरलेले नाही.

याउलट जे काम कोणीच करत नाही, ते जुन्या लेखांचे. मुलींच्या वारसाहक्काचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हिस्सेदार, मानले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. संसदेने 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात जी दुरुस्ती केली, तिच्यात विवाहित-अविवाहित हा भेद राहिला नाही. मग ऑक्टोबर 2015 मध्ये ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, 9 सप्टेंबर 2005 या तारखेला वडील हयात असतील तरच मुलीला हा हक्क मिळेल. 2018 च्या आरंभी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने 2001 मध्ये वडील वारलेल्या मुलींनाही हिस्सा दिला. दोन निकालांची तोंडे दोन दिशांना, त्यामुळे अखेर तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 11 ऑगस्ट 2020 रोजी ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या प्रकरणात ठरवले की, मुलीचा हक्क जन्माने येतो, म्हणून वडील 2005 मध्ये हयात असण्याची अट लागू होत नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्रीव्यवहार कायम राहिले आणि तोंडी वाटणीचा बचाव सहसा मान्य करू नये, असेही न्यायालयाने बजावले.

आता 2016 मध्ये कोणी या विषयावर मराठीत लिहिले असेल, तर ‘वडील 2005 पूर्वी वारले असतील तर मुलीला सहदायाद म्हणून हिस्सा नाही’ असेच लिहिले असणार, आणि त्या दिवशी ते बरोबरच होते. त्या लेखाचे कात्रण आजही घराघरांत फिरते. लेखकाचे नाव आणि ‘वकील’ ही पदवी शाबूत असते, तारीख तेवढी कापली गेलेली असते. भाऊ ते बहिणीपुढे ठेवतो, बहीण नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही करते आणि नंतर ते रद्द करून घेण्यासाठी दिवाणी दावा लावण्याची वेळ तिच्यावर येते. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या कोणालाही अशी प्रकरणे नवी नाहीत.

गृहनिर्माण संस्थेतील नामनिर्देशनाचेही तसेच. मार्च 2019 पासून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात आलेल्या कलम 154ब-13 नुसार सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेतले जाते, तेही कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत. त्यापूर्वीचे लेख वाचून फ्लॅट आपल्याच नावावर झाला असे मानणारे नॉमिनी अजून भेटतात.

म्हणून मी वेळेची फेरवाटणी करायचे ठरवले आहे. यापुढे नवे लेख निम्म्याने कमी लिहीन आणि वाचलेल्या वेळात आधीचे लेख एकेक काढून आजच्या कायद्याशी ताडून पाहीन. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला बातमीमूल्य नाही आणि त्यातून नवे नावही होत नाही, याची मला जाणीव आहे. पण एका माणसाने आपलेच लेख तपासून फार काही साधणार नाही. आपल्यासारख्या दैनिकांनी कायदेविषयक प्रत्येक लेखाच्या मजकुरातच ‘अमुक तारखेपर्यंतच्या कायद्यानुसार’ असे वाक्य छापावे, म्हणजे कात्रण कापताना ते गळणार नाही. डिजिटल संग्रहातील ज्या लेखाचा आधार बदलला असेल, त्याच्या माथ्यावर तशी टीप द्यावी, लेख काढून मात्र टाकू नये, कारण त्या काळचा कायदा काय होता हे जुन्या दाव्यांत पाहावेच लागते. आणि तपासणीच्या कामालाही नव्या लेखाइतकेच मानधन द्यावे, नाहीतर ते तरुण वकिलांकडून होणे नाही.

मुलींच्या वारसाहक्कावर मी ऑगस्ट 2020 पूर्वी लिहिलेल्या लेखांची यादी, प्रत्येकापुढे आजची कायदेशीर स्थिती दोन ओळींत नोंदवून, सोबत जोडली आहे. त्यांपैकी जे आपल्या संग्रहात असतील, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.

आपला विश्वासू,
एक दिवाणी वकील, सातारा