लिटरवर नको, किलोमीटरवर द्या : परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सा.न.वि.वि.

साहेब, डिझेल वाढलं की खासगी बसवाल्यांना इंधनासाठी अनुदान द्या असं निवेदन तुमच्या टेबलावर येतंच. मी पण बसवालाच आहे, छोटा, शाळेच्या आणि कंपनी स्टाफच्या गाड्या चालवतो, सीझनला लग्नाची-सहलीची भाडी मारतो. मदत हवीये, नको कशाला म्हणू. पण ती पंपाच्या बिलावर लिटरमागे देणार असाल तर आधी आमच्या लाईनमधल्या कोणालाही गुपचूप विचारा, पैसे कुठे जातील ते हसत हसत सांगेल.

काही पंपांवर बिल हवं तेवढ्याचं मिळतं, आकडा तुम्ही सांगायचा. आणि बिल खरं असलं तरी लिटरमागे पैसे म्हणजे जो जास्त जाळेल त्याला जास्त. पिकअपला गाडी उभी, सीट भरायच्या बाकी, तरी एसीसाठी इंजिन चालूच, अर्धा-पाऊण तास. इंजिनाच्या डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन (सेटिंग) केलेलं नाही, एअर फिल्टर काळा पडलाय, अशी गाडी धूर ओकत अ‍ॅव्हरेज पाडते, आणि टायरमधली हवा तपासणाऱ्या मालकापेक्षा तिच्या मालकाच्या खात्यात जास्त पैसे जाणार. हे कुठलं गणित? ब्रिटनमध्ये बससाठी इंधनावर आधारित अनुदान पूर्वीपासून आहे, स्कॉटलंडनं २०१० मध्ये लिटर सोडून धावलेल्या अंतरावर पैसे द्यायला सुरुवात केली. मग आपल्याला काय अडचण आहे? गाडीत जीपीएसवाला ट्रॅकिंग डिव्हाइस आणि पॅनिक बटण सरकारनंच सक्तीचं केलंय, आम्ही पैसे मोजून बसवलंय, पासिंगला त्याची चौकशी होते. त्याच डेटावर किलोमीटर मोजा की.

फक्त एक बघा, "प्रवासी असतानाचेच किलोमीटर" असली अट शाळेच्या गाडीला घालू नका. मुलं शाळेत सोडली की गाडी रिकामीच परत येते, दुपारी रिकामीच जाते, म्हणजे निम्मं धावणं तसंही एम्प्टी. मंजूर रूटचे किलोमीटर पकडा, जाऊन-येऊन.

आणि खरं सांगायचं तर पहिला हात याच गाड्यांना द्या. ट्रॅव्हल्सवाला दिवाळीत तिकीट वाढवून भरून काढतो, शाळेचा दर जूनला एकदा ठरतो, मग ऑक्टोबरमध्ये डिझेल कितीही जाऊ दे, पालकांकडे कोणत्या तोंडानं जायचं? गाडीत मदतनीस बाई ठेवायची, तिचा पगार, ड्रायव्हरचा पगार, बँकेचा हप्ता, इन्शुरन्स, यातलं काहीच थांबत नाही. मोठ्या ट्रॅव्हल्सवाल्यांना मिळूच नये असं नाही म्हणत, पण २०१८ च्या जीआरप्रमाणे खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीच्या वर जाता कामा नये, आणि गणपती-दिवाळीत त्याचं काय होतं ते तुम्हालाही माहितीये. ज्या महिन्यात ऑनलाईन तिकिटाचा रेट दीडपटीच्या वर गेला त्या महिन्याचं अनुदान कट, एवढं एक कलम टाका. अ‍ॅपवर रेट उघडा दिसतो, धाड घालायची पण गरज नाही. आमच्यातलेच काही जण या वाक्यावरून माझ्यावर चिडतील, चिडू देत. टॅक्स वाचवायला नागालँड-अरुणाचलच्या नंबर प्लेटवर इथे धंदा करणाऱ्यांना तर हा पैसा मिळताच कामा नये, इथल्या टॅक्सनं आमची कंबर मोडते आणि अनुदान त्यांनी न्यायचं, हे चालणार नाही.

पैसा कुठून आणायचा असं फायनान्सवाले विचारतील. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावरचा व्हॅट आम्हाला कुठे वळता करून घेता येत नाही, तो सरळ अंगावर पडतो. मी नवीन तिजोरी फोडा म्हणत नाहीये, त्याच व्हॅटमधला थोडा भाग किलोमीटरच्या हिशोबानं परत करा. २०२४ च्या बजेटमध्ये मुंबई-ठाणे-नवी मुंबईतला डिझेलचा व्हॅट २४ वरून २१ टक्क्यांवर आणलाच होता ना, पण असा सरसकट कमी केला की बस, ट्रक आणि साहेबांची एसयूव्ही सगळ्यांना सारखाच फायदा. मच्छीमारांना त्यांच्या बोटींच्या डिझेलवरचा कर परत मिळतो, म्हणजे परताव्याची पद्धत राज्याला नवीन नाही.

पण त्यांचा परतावा थकतो हेही सगळ्यांना माहितीये, बंदरावर कोणालाही विचारा. म्हणून जीआर काढाल तेव्हा रकमेच्या आधी तारीख लिहा, मागच्या महिन्याचे पैसे या महिन्याच्या अमुक तारखेला थेट खात्यात, आरटीओत फाईल घेऊन फेऱ्या मारायला लावू नका. कारण आम्हाला पंपावर उधारी फार तर पंधरा-वीस दिवसांची मिळते, त्यानंतर पंपवाला गाडीला नोझल लावत नाही.

आपला,
एक छोटा बसमालक