वाऱ्यावर चालणारी गिरणी

डे मॉईन, आयोवा, अमेरिका
मे महिना, दुसरा रविवार

ती. काका आणि ती. सौ. काकूंना
शि. सा. नमस्कार.

मागच्या फोटोत शेतात पडलेले ते मोठाले गोल कसले, असं काकांनी विचारलं होतं. ते वाळल्या गवताचे गठ्ठे. ते बांधणारं यंत्र १९७१ साली इथून सत्तर-एक किलोमीटरवरच्या पेला नावाच्या गावात निघालं, व्हर्मीर यांच्या कारखान्यात. गेल्या आठवड्यात त्याच गावाला आम्ही सगळे जाऊन आलो. यंत्र बघायला नाही, ट्यूलिपच्या जत्रेला. पण मी रमलो ते तिथल्या पिठाच्या गिरणीत, आणि आपलीही पिठाची गिरणी, म्हणून हे पत्र मुख्यतः काकांना.

गाव डच लोकांचं. हॉलंडमध्ये सरकारमान्य चर्चशी त्यांचं बिनसलं आणि १८४७ साली हेंड्रिक स्कोल्टे नावाच्या पाद्र्यामागून आठशेच्या आसपास माणसं चार जहाजांतून इकडे आली. पहिल्या हिवाळ्यात कित्येक जण जमीन खणून वर गवत शाकारलेल्या खोपट्यांत राहिले. स्कोल्टेच्या बायकोचं मन मात्र इथे रमलं नाही. तिची हॉलंडच्या डेल्फ्ट गावची निळी चिनीमातीची भांडी प्रवासात फुटली आणि तिने ते तुकडे घरासमोरच्या वाटेत बसवून टाकले, अशी गोष्ट तिथे सांगतात. खरी असो-नसो, पटते. स्कोल्टेचं घर अजून चौकाच्या कडेला उभं आहे.

आता गिरणी. उंची सव्वाशे फुटांच्या आसपास. हॉलंडच्या कारागिरांनी तिकडे घडवली, सुटे भाग जहाजाने आणले आणि २००२ साली इथे उभी केली. म्हणजे वयाने आपल्या गिरणीपेक्षा लहान, पण घडण १८५० च्या काळातली. चार पात्यांवर कापडी शिडं. वारा जोराचा असेल तर शिड गुंडाळून कमी करायचं, मंद असेल तर पूर्ण सोडायचं. वारा जिकडून येईल तिकडे गिरणीचं अख्खं डोकं वळवावं लागतं, पात्यांसकट. त्यासाठी अर्ध्या उंचीवर चहूबाजूंनी सज्जा आहे. गिरणीवाला तिथे उभा राहून मागच्या लांब दांड्याला जोडलेलं चाक फिरवतो. गिरणी एवढी उंच का, तर आसपासच्या इमारती वारा अडवतात.

आत मोटर नाही, पट्टा नाही. पात्यांच्या आसावर दातेरी लाकडी चाक, त्यातून फिरणारा उभा खांब, खांबाच्या खालच्या टोकाजवळ आणखी एक मोठं दातेरी चाक आणि मग दगड. खालचा स्थिर, वरचा फिरतो, हे तुम्हाला सांगायला नको. पाती फिरायला लागली की वरपासून खालपर्यंत लाकूड करकरतं. दळलेला गहू मी चिमटीत धरून पाहिला, कोमट होता. गिरणी दाखवणाऱ्या बाईंना मी म्हटलं, माझ्या काकांची गिरणी आहे, तर त्यांनी मला रांगेतून बाजूला घेऊन दगड दाखवले. मग मागच्या लोकांना ताटकळावं लागलं. वारा पडला तर काय, असं विचारलं. म्हणाल्या, मग दळण नाही. तुम्ही थांबलेली मोटर बघत वीज यायची वाट पाहता, तसंच इथे, फक्त शिव्या कुणाला द्यायच्या हा प्रश्न.

जत्रेची गंमत वेगळीच. मिरवणुकीआधी गावचा महापौर रस्ता तपासतो आणि अस्वच्छ आहे असं जाहीर करतो. मग लाकडी बूट घातलेली माणसं बादल्या, झाडू घेऊन रस्ता घासून काढतात. रस्ता आधीच लख्ख असतो. हे सगळं पर्यटकांसाठी आहे हे कळतं. चौकातल्या दुकानांच्या दर्शनी बाजूसुद्धा डच पद्धतीच्याच ठेवतात. तरी आजीचा पोशाख नातीने घातलेला पाहिला की नुसतं नाटक म्हणवत नाही. १९३५ साली जत्रा सुरू झाली तेव्हा गावात पुरेशी ट्यूलिपच नव्हती, म्हणून चार-चार फुटांची लाकडी फुलं करून रस्त्यावर उभी केली होती. यंदा मात्र खरी फुलं इतकी की मुलीने मोजायचा नाद तिसऱ्या वाफ्यातच सोडला.

काकू, खाण्याचं आता. यार्स्मा बेकरी १८९८ पासून आहे आणि रांग दाराबाहेर. तिथे 'एस' अक्षराच्या आकाराची एक गोष्ट मिळते: लोणी लावत, घड्या घालत लाटलेल्या मैद्याचे पापुद्रे, आत बदामाचं सारण, वर साखर. कोपरे कुरकुरीत, पोट ओलसर. गोड इतकं की एक दोघांत पुरे. आम्ही चौघांत चार घेतली ते चुकूनही काकांना सांगू नका, साखरेवर भाषण ऐकावं लागेल. हो, पत्र तेच वाचणार आहेत. जत्रेत पॉफर्चेस मिळतात, आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यात केलेले इवलेसे आंबवलेले घावन, वर लोणी आणि पिठीसाखर. ते मात्र आपल्या घरी सहज जमतील, वेलची घाला. गावाची दुसरी ख्याती म्हणजे धुरावलेल्या मांसाची गोल कडी, बलोनी. उलरिक यांचं दुकान १८६८ पासून ती विकतं. पण ती गोमांसाची, म्हणून मी काचेतूनच बघितली. बरोबरच्या मित्राने चीजबरोबर खाल्ली आणि तीनदा 'अरे, थोडं तरी' म्हणाला.

जवळ रेड रॉक तलाव आहे, आयोवातला सगळ्यात मोठा. तिथे जायचं ठरलं होतं, पण पावसाने घरी पिटाळलं.

तिथल्या पिठाची पिशवी आणली आहे. चपात्या झाल्या, पण कडक होतात. भरड दळतात म्हणून, की गहूच असा, मला कळत नाही. काका, दगडांच्या खाचांचे फोटो दादाच्या फोनवर पाठवलेत. मोठे करून बघा आणि दगडांना छिन्नीची टाकी नीट लागली आहे की नाही ते कळवा. आईला सांगा, मुलीला खोकला नाही आता.

तुमचा,
धाकटा पुतण्या