कुटुंबवैद्य तीन महिन्यांत घडत नाही

एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याच्या नियमाचे स्वागत करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. नियम चांगलाच आहे; मात्र त्यातून ग्रामीण भागाला कुटुंबवैद्य मिळतील, ही अपेक्षा मला पटत नाही. मधुमेहाचा रुग्ण औषध अर्ध्यावर का सोडतो, हे एका भेटीत कळत नाही. तो दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, सहा महिन्यांनी परततो, तोवर पायाची जखम चिघळलेली असते. तीच घरे दोन-तीन वर्षे सांभाळणाऱ्या डॉक्टरलाच हे दिसते. माझे स्वतःचे खरे शिक्षण पदवीनंतर, रुग्णांच्या ओसरीवर झाले.

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने फॅमिली मेडिसिन म्हणजे कुटुंबवैद्यक या विषयातील एमडीला चालना देण्याची भूमिका घेतली. तरीही बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग नाही. या विषयाचा तीन वर्षांचा डीएनबी हा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याचा मोठा भाग ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत घ्यावा आणि तेथील अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्यांना शिक्षक म्हणून मान्यता द्यावी.

– एक जनरल प्रॅक्टिशनर, जि. बीड