दानीला पत्र: किती जणांनी जायचं?

प्रिय दानी,

सप्रेम सलाम. तुझी दोन पत्रं उत्तरावाचून पडली आहेत, त्याबद्दल भेटल्यावर काय बोलायचं ते बोल. तब्येत बरी. गुडघा जसा होता तसाच.

पूरग्रस्त भागात सेवेला जायला पाळकसाहेबांनी नावं मागितली आणि चर्चची अर्धी मंडळी उभी राहिली. यादी आली माझ्या गळ्यात. काळजी माणसं कमी पडतील याची नाही, जास्त होतील याची आहे. इथे बोललो तर विश्वास कमी म्हणतील, म्हणून तुला लिहितो.

हिशोब बघ. उन्हात चिखल उपसणाऱ्याला दिवसाला नुसतं प्यायलाच ४ ते ५ लिटर पाणी लागतं. ५ लिटर धरले तर १२ जण, ५ दिवस, म्हणजे ३०० लिटर. म्हणजेच ३०० किलो. स्वयंपाक, हातपाय धुणं वेगळंच. २५ जण नेले तर गाडीत फावडी ठेवायची कुठे? आणि पाणी नाही नेलं तर पूरग्रस्तांच्याच टँकरखाली रांगेत उभे राहणार! तिथलं नितळ पाणी चालवून घेता येतं: ५-६ टक्क्यांचं, बिनवासाचं ब्लीच लिटरमागे २ थेंब, मग अर्धा तास थांबायचं. गढूळ असेल तर आधी निवळू द्यायचं आणि फडक्यातून गाळायचं, नाहीतर क्लोरीन त्या गाळावरच खर्ची पडतो. मग थेंब दुप्पट. डिझेल किंवा कीटकनाशक मिसळलेल्या पाण्याला मात्र हा इलाज नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन १० वर्षं उलटली असतील तर निघण्यापूर्वी परत घ्यायचं. हिपॅटायटिस ए ची लस किमान दोन आठवडे आधी. लेप्टोसाठी, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. मेरीमावशी म्हणाल्या, "प्रार्थना आहे ना?" म्हटलं, प्रार्थना करत करतच दंड पुढे करा.

खरी भीती उत्साहाची. घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद हवा, आणि तिथवर जायला पाण्यात उभं राहावं लागत असेल तर हात लावायचाच नाही, वीजवाल्यांना बोलवायचं. तळघर एका दमात उपसायचं नाही. बाहेरची माती पाण्याने फुगलेली असते, आतलं पाणी गेलं की तिचा दाब भिंत आत ढकलतो. म्हणून दिवसाला साधारण एक तृतीयांशच. १० लिटरची बादली ओल्या चिखलाने काठोकाठ भरली की १६-१७ किलो होते, म्हणून अर्धीच भरायची. जोसेफ ती भरूनच उचलणार, तुला माहीत आहे. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून किमान ६ मीटर लांब, कारण त्याच्या विषारी वायूला वासच नसतो. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर ओतायचं नाही.

आणि रंग! बुरशी २४ ते ४८ तासांत धरते, म्हणून गाद्या, भिजलेलं प्लाय आधी बाहेर काढायचं. पण लाकूड पूर्ण वाळेपर्यंत त्यावर रंग लावायचा नाही, ओल आत कोंडते आणि बुरशी परत येते. आपल्या लोकांना शेवटच्या दिवशी रंगवलेल्या भिंतीपुढे फोटो हवा असतो. मंडळीला दाखवायला वाळणारी भिंत काही कामाची नाही ना!

आता आपलं जुनं भांडण. मदतीच्या पिशवीत धर्मप्रचाराच्या पत्रिका घालायच्या की नाही? तू म्हणायचास, नाही घातल्या तर आपण आणि समाजसेवक यांत फरक काय. दानी, १९९४ च्या रेड क्रॉस आचारसंहितेत लिहिलंय की मदत धार्मिक मत पुढे नेण्यासाठी वापरू नये. ती तयार करणाऱ्यांत कारितास ही कॅथलिक मदतसंस्था होती, ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन होतं, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसही. म्हणजे आपल्याच घरचे. कोणी प्रार्थना करा म्हटलं तर जरूर करू. पण घर वाहून गेलेला माणूस पिशवी हातात घेताना नाही म्हणू शकत नाही, हे विसरून कसं चालेल?

जुन्या कपड्यांचे ढीग हॉलमध्ये जमलेत. तिथे ते निवडायला माणूस नाही, ठेवायला कोरडी जागा नाही. पैसे तिथल्या मंडळीला पाठवू म्हटलं तर चेहरे पडले.

माझ्या मनात आहे, १२ जणांची पहिली तुकडी न्यायची आणि बाकीच्यांना दोन महिन्यांनी. तेव्हा मदतवाले परतलेले असतात आणि सुतारकाम, प्लास्टर खरं तेव्हाच सुरू होतं. पण दोन महिन्यांनी यातले किती उभे राहतील? हेच तुला विचारायचं होतं.

लेकीचा निकाल कळला, शाबासकी सांग. छपराचं काम झालं का? आईंना सलाम.

पहिल्या यादीतून तुझ्या मेव्हण्याचं नाव काढलंय. पाठीचं दुखणं लपवून तो पुढे आला होता. बाहेरून कळण्याआधी तूच त्याला सांग, माझ्याशी तो बोलणार नाही.

तुझा,
रुबेन