किम पीक म्हणजे तारखा सांगणारं यंत्र नव्हे

महोदय,

३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की शाळाशाळांतल्या भाषणांत किम पीक यांचं नाव हमखास येतं. '१२ हजार पुस्तकं तोंडपाठ असलेला स्वमग्न (ऑटिस्टिक) माणूस' अशी त्यांची ओळख करून दिली जाते. पुस्तकांचा आकडा सर्वत्र छापून आला आहे; 'स्वमग्न' मात्र चूक. 'रेन मॅन' (१९८८) या चित्रपटातला रेमंड स्वमग्न आहे. पटकथाकार बॅरी मॉरो यांना १९८४ मध्ये भेटलेले, ज्यांच्यावरून त्यांना हे पात्र सुचलं ते किम स्वमग्न नव्हते. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत जन्मलेल्या किम यांच्या मेंदूचे डावे-उजवे भाग जोडणारा तंतूंचा जाड पट्टा जन्मतःच नव्हता, आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूलाही इजा होती. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नता हा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपैकी एक वेगळा प्रकार आहे. सगळ्यांना एकाच पोत्यात घालू नये.

डाव्या डोळ्यानं डावं पान, उजव्यानं उजवं, अशी दोन पानं दहाएक सेकंदांत वाचणाऱ्या या माणसाला शर्टाची बटणं लावता येत नसत. वडील फ्रॅन लावून देत. भाषणांत नेमकं हेच गाळलं जातं! चित्रपटानंतर २००९ मध्ये किम यांचं निधन होईपर्यंत बापलेक गावोगाव फिरले, मॉरो यांनी देऊन टाकलेली ऑस्करची बाहुली लोकांच्या हातात देत. जन्मतारीख सांगा, वार ओळखतो, हा खेळ गर्दी जमवायला उत्तम होता. पण बहुतेक दिव्यांग मुलांकडे अशी देणगी नसते. देणगीमुळेच माणूस स्वीकारायचा, तर या मुलांनी काय करायचं?

म्हणून शाळेत दिव्यांग पाहुण्यांना बोलावून कार्यक्रम ठरवताना काही गोष्टी पाहाव्यात. एका वेळी एकच वर्ग, फार तर ४० मुलं. प्रश्न आदल्या दिवशी चिठ्ठ्यांवर घेऊन पाहुण्यांना दाखवावेत, नको असलेले त्यांनीच काढावेत. वाराचे, पाढ्यांचे प्रश्न दोनच. नाहीतर तासभर तेच चालतं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावं, सोबतच्या पालकांकडे बघू नये. बघितलं की उत्तर पालकच देतात. दिव्यांगांची अडचण कळावी म्हणून मुलांना हातमोजे घालून बटणं लावायला लावणं टाळावं: मुलं आधी हसतात, मग कीव करतात. त्यापेक्षा बटण ओढायचा हूक आणि वेल्क्रोचा शर्ट हाताळायला द्यावा. लाउडस्पीकर शक्यतो नकोच. आवाजानं त्रास होणारी मुलं पहिल्या पाच मिनिटांत कान झाकतात आणि मग त्यांना 'शिस्त' लावायला कुणीतरी धावतं.

आणि व्यासपीठ. एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो, म्हणजे दीड फुटाच्या व्यासपीठाला १८ फूट. तेवढी जागा नसेल तर चाकाची खुर्ची चौघांनी उचलून वर ठेवण्याऐवजी सगळ्यांनी खाली सतरंजीवर बसावं.

– एक विशेष शिक्षिका, पुणे